हेलिकॉप्टरचा वैमानिक : वाट कोठून सुरू होते?

गोंदिया, आमगाव, तिरोडा या भागांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना विमानाचा आवाज नवीन नाही. गोंदिया शहराजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी एक धावपट्टी बांधली. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तेथेच ‘राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था’ निघाली आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालताना दिसू लागली. २०२२ च्या मार्चमध्ये येथून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली.

विमाने रोज डोक्यावरून जाऊ लागली की काही समजुतीही रूढ होतात. त्यांपैकी दोन तुम्ही नक्की ऐकल्या असतील. पहिली अशी की, वैमानिक व्हायचे तर घरात लाखो रुपये हवेत. दुसरी अशी की, सैन्याचे हेलिकॉप्टर चालवायचे तर आधी जवान म्हणून भरती होऊन बरीच वर्षे नोकरी करावी लागते. ज्याच्याकडे पैसा नाही आणि ज्याच्या घराण्यात कोणी सैन्यात नाही, असा मुलगा किंवा मुलगी या दोन समजुतींमुळे तो विचारच सोडून देते.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आपली सैन्यदले वैमानिक निवडताना उमेदवाराला उडता येते का, हे विचारत नाहीत. तो आधी सैन्यात होता का, हेही विचारत नाहीत. उडायला ती स्वतः शिकवतात आणि तेही सरकारी खर्चाने. मग ती काय पाहतात? हे समजण्यासाठी आधी हेलिकॉप्टर हे यंत्र कसे चालते, ते पाहू या.

फिरणारे पंख

विमानाचे पंख स्थिर असतात. विमान धावपट्टीवरून वेगाने धावले की पंखांवरून हवा वाहते आणि विमान उचलले जाते. हेलिकॉप्टरचे पंख मात्र फिरते असतात. त्याच्या डोक्यावरचे प्रत्येक पाते म्हणजे एक लांब, अरुंद पंखच होय. यंत्र जागच्या जागी उभे असले तरी पाती हवेतून वेगाने जात असतात. म्हणून त्याला धावपट्टी लागत नाही.

आपल्या सैन्यात अनेक वर्षे काम करणाऱ्या ‘चीता’ हेलिकॉप्टरचे उदाहरण घेऊ. त्याच्या पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर आहे. म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ तयार होते त्याचे क्षेत्रफळ ३.१४ × ५.५ × ५.५, म्हणजे सुमारे ९५ चौरस मीटर भरते. पूर्ण भरलेल्या चीताचे वजन १,९५० किलोग्रॅम असते. भागाकार करून पाहा. वर्तुळाच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २० किलोग्रॅम वजन तोलावे लागते. पंखा हवा खाली ढकलतो आणि हवा पंख्याला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही पुस्तकात वाचला आहे, तोच हा!

हाच नियम एक अडचणही उभी करतो. इंजिन पंख्याला एका दिशेने फिरवते, तेव्हा हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. छतावरच्या पंख्याची दांडी पक्की बसवलेली नसेल तर काय होईल, याची कल्पना करा. हेलिकॉप्टर हवेत असते. त्याला धरून ठेवायला छत नाही. म्हणून शेपटीच्या टोकाला एक लहान उभा पंखा बसवतात. तो शेपटीला बाजूने ढकलतो आणि धड स्थिर ठेवतो.

दोन हात, दोन पाय

आता वैमानिकाच्या जागी बसू या. डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर ओढला की सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर चढते. उजव्या हातात दुसरा दांडा असतो. तो ज्या बाजूला झुकवावा त्या बाजूला पंख्याचे वर्तुळ झुकते आणि हेलिकॉप्टर तिकडे सरकते. पायांखाली दोन पट्ट्या असतात. त्यांनी शेपटीच्या पंख्याचा जोर कमीजास्त करता येतो.

ऐकायला हे सोपे वाटते. पण समजा, तुम्हांला हवेत एका जागी स्थिर राहून फक्त दोन मीटर वर जायचे आहे. तुम्ही डावा दांडा ओढला. पात्यांचा कोन वाढला, त्यांना फिरवायला जास्त जोर लागला आणि त्यामुळे धड उलट दिशेने वळू लागले. ते थांबवण्यासाठी तुम्ही पायाने पट्टी दाबली. शेपटीच्या पंख्याचा जोर वाढला, तशी ती सगळ्या हेलिकॉप्टरलाच थोडे बाजूला ढकलू लागली. ते सावरण्यासाठी तुम्ही उजवा दांडा झुकवला. पंखा झुकला, म्हणून वर उचलणारे बल थोडे घटले. आता पुन्हा डावा दांडा! एक गोष्ट बदलली की बाकीच्याही बदलाव्या लागतात, आणि हे सारे विचार करीत बसण्याइतका वेळ नसताना. म्हणूनच हवेत स्थिर उभे राहणे हाच नवशिक्याला सर्वांत अवघड वाटणारा धडा असतो.

आता ‘सैन्यदले काय पाहतात’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. वायुदलाच्या वैमानिक शाखेसाठी एक खास चाचणी घेतात. तिच्यात तबकड्यांवरील आकडे झटपट वाचून विमानाची स्थिती ओळखायची असते, आणि हातपाय एकाच वेळी वापरून पडद्यावरील हलते चिन्ह ताब्यात ठेवायचे असते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात जो नापास होतो त्याला सैन्यात इतर शाखा मोकळ्या राहतात, पण वैमानिक शाखा बंद होते. म्हणून ‘पहिल्यांदा सहज बसून पाहू’ असा विचार येथे चालत नाही.

हवा विरळ झाली तर?

उत्तराचा दुसरा अर्धा भाग तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे.

पंखा हवेवर तरतो. तेव्हा हवा जितकी दाट, तितका त्याला आधार जास्त. गोंदियाचेच गणित करा. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. हिवाळ्यातील १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८ केल्व्हिन आणि मे महिन्यातील ४५ अंश म्हणजे ३१८ केल्व्हिन. २८८ ला ३१८ ने भागले की ०.९ येतात. म्हणजे भर उन्हाळ्यातील हवा हिवाळ्यातील हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. हेलिकॉप्टर तेच, पण मे महिन्याच्या दुपारी त्याला कमी वजन उचलता येते.

आता सियाचीनकडे जाऊ. तेथील काही चौक्या सुमारे ६,००० मीटर उंचीवर आहेत. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्मी असते. निम्म्या घनतेच्या हवेत तेवढेच वजन तोलून धरायचे तर पंख्याला सुमारे १.४ पट शक्ती लागते. आणि नेमके तेथेच इंजिनाला श्वास घ्यायला हवा अपुरी पडते! चीता तेथे टिकते याचे कारण तिच्या इंजिनात आहे. त्याची मूळ क्षमता ८७० अश्वशक्तीची. पण खाली असताना त्यातील ५५० च वापरतात. वर गेल्यावर ही शिल्लक कामी येते. तरीही वैमानिकाला निघण्यापूर्वी तापमान, उंची, इंधन आणि सामान यांचा हिशोब करावाच लागतो. आणखी एका जखमी जवानाला आत घेता येईल की नाही, हे त्या हिशोबावर ठरते.

चीता हे मूळच्या फ्रेंच ‘लामा’ हेलिकॉप्टरचे भारतात तयार झालेले रूप. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले. एव्हरेस्टपेक्षाही साडेतीन हजार मीटर उंच! त्या उंचीवर इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू होईना. तरी बुले सुखरूप खाली उतरला. तो कसा, हे तुम्ही स्वतःच पाहू शकता.

करून पाहा

२० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद कागदाची पट्टी घ्या. वरच्या टोकापासून मधोमध ९ सेंटिमीटरपर्यंत चीर द्या. झालेले दोन भाग एक पुढे व एक मागे असे आडवे दुमडा. खालच्या भागाच्या कडा आत दुमडून टोकाला कागद अडकवण्याची पिन लावा. आता खुर्चीवर उभे राहून पट्टी सोडा. ती गिरक्या घेत सावकाश उतरेल. दोन्ही पाती विरुद्ध बाजूंना दुमडली तर गिरकीची दिशा उलटेल. दोन पिना लावल्या तर पट्टी जास्त वेगाने खाली येईल. महारुखाच्या झाडाचे पंखवाले बीजही असेच गिरक्या घेत, वाऱ्यावर वाहत खाली येते.

इंजिन बंद पडले की वैमानिक डावा दांडा ताबडतोब खाली करतो. पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून वर येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की तो दांडा पुन्हा वर ओढतो. फिरत्या पंख्यात साठलेली ऊर्जा त्या क्षणी खर्च होते आणि हेलिकॉप्टर अलगद टेकते. ही ऊर्जा एकदाच वापरता येते. दांडा लवकर ओढला तर ती हवेतच संपते. उशीर झाला तर आदळते. प्रशिक्षणात हा सराव पुनःपुन्हा करून घेतात.

दारे कोणती?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सैन्यात आधी नोकरी न केलेल्या विद्यार्थ्याला कोणती दारे उघडी आहेत?

पहिले दार बारावीनंतरचे. पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची प्रवेश परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो आणि तिचे एक केंद्र नागपूरला असते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे लागते. बारावीत शिकत असतानाही परीक्षेला बसता येते. गणिताला ३०० व सामान्य क्षमतेला ६०० गुण असतात. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न हिंदीतही छापलेले असतात, हे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत व कसोट्या, त्यांना ९०० गुण.

वायुदल व नौदल यांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असावेच लागतात. प्रबोधिनीत तीन वर्षे शिक्षण होते. वायुदलाचा छात्र मग हैदराबादजवळ दुंडिगल येथील वायुदल अकादमीत जातो. तेथे सर्वजण आधी साधे विमान चालवायला शिकतात. त्यांचे कौशल्य आणि दलाची गरज पाहून कोणी लढाऊ विमानांकडे, कोणी वाहतूक विमानांकडे, तर कोणी हेलिकॉप्टरकडे पाठवले जातात. हेलिकॉप्टरचे शिक्षण सिकंदराबादजवळ हकीमपेट येथे होते. ‘मला हेलिकॉप्टरच द्या’ असे सांगून प्रवेश मिळत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

दुसरे दार पदवीनंतरचे. वायुदलाच्या सामाईक प्रवेश परीक्षेला २० ते २४ वर्षे वयाच्या पदवीधरांना बसता येते. पदवीला ६० टक्के गुण हवेत. शिवाय बारावीला गणित व भौतिकशास्त्र हवेच. एनसीसीच्या हवाई विभागाचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी वेगळी प्रवेशवाट आहे. ज्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे त्याला वयात दोन वर्षांची सवलत मिळते. बिरसीसारख्या संस्थेतील खर्चिक शिक्षणाचा या निवडीत फायदा होतो तो एवढाच! परवाना असो वा नसो, दुंडिगलला सर्वांचा धडा पहिल्यापासूनच सुरू होतो.

नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तमिळनाडूत अरक्कोणम येथील ‘आयएनएस राजाली’ या तळावर तयार होतात.

भूदलाची रीत थोडी निराळी आहे. भूदलाची स्वतंत्र हवाई शाखा १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झाली. तिचे वैमानिक आपल्या महाराष्ट्रातच, नाशिक रोड येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेत शिकतात. येथे साधारणपणे आधी अधिकारी होऊन एखाद्या पलटणीत काम करावे लागते आणि मग वैमानिक होण्यासाठी अर्ज करता येतो. कॅप्टन अभिलाषा बराक २०१८ मध्ये भूदलाच्या हवाई संरक्षण शाखेत अधिकारी झाल्या आणि २५ मे २०२२ रोजी नाशिकला भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. म्हणजे ‘आधी नोकरी’ ही समजूत थोडीफार लागू पडते ती येथेच. पण ती नोकरी अधिकाऱ्याची असते, आणि अधिकारी होण्यासाठी आधीचा अनुभव लागत नाही.

इतर देशांतही शाळेतून थेट वाट असते. अमेरिकेच्या भूदलात तर शालान्त शिक्षण झालेला तरुण पूर्वीची सेवा नसताना हेलिकॉप्टर वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करू शकतो.

मुलींना ही वाट मोकळी आहे का? हो. वायुदलाच्या फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना व श्रीविद्या राजन यांनी १९९९ च्या कारगिल संघर्षात चीता हेलिकॉप्टर चालवले. खडकवासल्याचे दार मात्र त्यानंतर बरीच वर्षे बंद होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते उघडले, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातील १७ मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. जून २०२४ मध्ये सब-लेफ्टनंट अनामिका राजीव नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या.

शरीराची मापे आणि डोळे

वैमानिकाची बैठक ठरावीक मापाची असते, म्हणून शरीरही मोजतात. वायुदलात उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ आणि मांडी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर असे नियम आहेत. रंगांधळेपणा चालत नाही. दूरचे पाहण्यासाठी चष्मा लागत असेल तर वैमानिक शाखा मिळत नाही. हे नियम मधूनमधून बदलतात. म्हणून त्या त्या वर्षीची सरकारी जाहिरात वाचूनच अर्ज करावा.

शिक्षकांना येथे एक विनंती आहे. लाल-हिरव्या रंगांचा गोंधळ असलेल्या मुलाला तो गोंधळ आहे हे स्वतःला कळत नाही. आठवी-नववीतच डोळे तपासून घेतले तर पुढची निराशा टळेल आणि त्याला वेळीच दुसरी वाट धरता येईल.

धोक्याची बाजू

हे काम धोक्याचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ वायुदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यात संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांना प्राण गमवावे लागले. हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

दिशाभ्रम म्हणजे काय? आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळू लागले की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण वळण एकसारखे चालू राहिले तर द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो, आणि आपण सरळ जात आहोत असे वाटते. फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसा आणि मित्राला सावकाश, एकसारखे फिरवायला सांगा. काही वेळाने फिरणे थांबल्यासारखे वाटेल; आणि खुर्ची खरोखर थांबली की आपण उलट फिरतो आहोत असे वाटेल! ढगात जमीन दिसत नाही, तेव्हा स्वतःच्या शरीराऐवजी समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो. ती सवय प्रशिक्षणाने लावावी लागते, आणि कसलेला वैमानिकही कधी फसतो.

मग हा धोका कशासाठी पत्करायचा? उत्तर फार दूर नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रांवरील अनेक कर्मचाऱ्यांना वायुदलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी दुर्गम गावांपर्यंत पोचवले. जेथे रस्ता संपतो तेथे हेलिकॉप्टरचे काम सुरू होते. पुरात अडकलेला माणूस असो की बर्फातला जखमी जवान, त्याच्यापर्यंत दुसरे वाहन जात नाही.

आज काय करावे?

तुम्ही पाचवीत किंवा आठवीत असाल तर सैनिकी शाळेची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देता येते. प्रवेश सहावीत व नववीत मिळतो. २०१९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूरची सैनिकी शाळा बल्लारपूरजवळ आहे आणि गोंदियाहून बल्लारशाहला थेट रेल्वेमार्ग आहे. दहावीत असाल तर छत्रपती संभाजीनगर येथील राज्य शासनाच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती काढा. ती १९७७ पासून मुलांना अकरावी-बारावीबरोबर प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली. या संस्थांत जाता आले नाही तरी बिघडत नाही. साध्या कनिष्ठ महाविद्यालयातून परीक्षा देणारेही निवडले जातात.

पण एक गोष्ट बिघडू देऊ नका. अकरावीचा अर्ज भरताना ‘गणित अवघड जाते’ म्हणून पुष्कळ विद्यार्थी तो विषय सोडतात. वर सांगितलेली वायुदलाची आणि नौदलाची दारे त्याच दिवशी बंद होतात, आणि सोडणाऱ्याला ते कित्येकदा दोन-तीन वर्षांनी कळते. पुढच्या जूनमध्ये तो अर्ज हातात येईल, तेव्हा विषयांच्या रकान्यात काय लिहायचे ते आजच घरी आणि आपल्या शिक्षकांशी बोलून ठरवा.